काशीत सोडलेलं दूध

(जाफराबादजवळचं एक खेडं. स्वयंपाकघर. केशरबाई, तिची लेक साधना आणि पुण्याहून आलेली नात अर्पिता.)

साधना: आन् ही बघ, अजून एक पट्टी. एकबी गोळी फोडलेली न्हाई. गोळ्या बटणांच्या डब्यात ठेवायच्या असतेत का, माय?

केशरबाई: फेकायच्या कशा? तू आणल्यात.

साधना: खायला आणल्यात. दोन महिने झाले, मी रोज विचारून राह्यले, गोळी घेतली का. तू रोज म्हणती, घेतली.

केशरबाई: घेतलीच की. हातात घेत होते, डब्यात ठेवत होते. खोटं बोलले न्हाई मी.

साधना: अर्पिता, ऐक तुझ्या आजीचं. मी मेडिकलवर दिवसभर उभी राहून अख्ख्या तालुक्याला गोळ्या समजावून सांगते. आन् माझ्याच घरात हे.

अर्पिता: आई, तू आधी बस बघू. तिच्यावर आवाज चढवून काय होणारे?

साधना: तू दोन दिवसांसाठी आलीस, तुला बोलायला सोपंय. काल हिच्या टाचेत बाभळीचा काटा मोडला. तसाच घेऊन ही मळ्यात जाऊन आली, शेजारच्या उषाबाईकडं बसून कोरा चहा पिऊन आली. फरशीवर रक्ताचे ठसे दिसले तवा मला कळलं. हिला पत्ताच न्हाई.

केशरबाई: वय झालं आता. पाय बधीर व्हतेत.

साधना: वयानं न्हाई, दूध सोडल्यानं. मटण-अंडं तर तू जन्मात खाल्लं न्हाई. आन् आता पाच वर्षं झाली, दूध न्हाई, दही न्हाई, ताक न्हाई, तूप न्हाई. तुझ्या रक्तात बी-ट्वेल्व्ह नावालाबी उरलं न्हाई म्हणले डॉक्टर. उशीर केला तर नसा पुन्हा सुधरत न्हाईत म्हणले. उद्या जालन्याला सुई घ्यायला चल म्हणते, तर त्यालाबी ही तयार न्हाई.

केशरबाई: सुई काय आन् गोळी काय, आत तेच.

अर्पिता: तेच म्हणजे काय, आजी?

केशरबाई: दूध. तुझ्या आईनंच सांगितलं, ह्याच ओट्यापाशी उभं राहून. म्हणली, माय, दुधात जे सत्व असतंय ना, तेच ह्या गोळीत हाय. मंग? दुधातलं काढलं आन् गोळीत भरलं, तर ते दूधच झालं की. मी गंगेत उभी राहून सोडलंय.

साधना: म्हंजे मी तसं बोलले म्हणून तू... माय, तुला समजावं म्हणून बोलले मी तसं.

केशरबाई: समजलं ना मला. बराबर समजलं.

साधना: काशीला गेल्यावर आवडीची एक चीज सोडतेत, मान्य. सगुणाकाकूबी तुझ्यासंगच गेल्ती. तिनं काय सोडलं? दोडका.

केशरबाई: तिनं दोडका कवा खाल्ला? लग्न होऊन आल्यापासून बघते, ताटातून बाजूला काढती.

साधना: मंग तूबी कारलं सोडायचं.

केशरबाई: जे आवडत न्हाई ते सोडायला काशीला कशाला जावं? घरी बसून सोडावं.

अर्पिता: आजी, दूध तर मीपण सोडलंय.

केशरबाई: तुझं येगळं. तुला म्हशीच्या रेडकाची दया आली.

अर्पिता: पण मी गोळी घेते. दया येऊन सोडा नाहीतर काशीला सोडा, शरीराला काय कळतंय? भाजी, डाळ, भाकरी, शेंगदाणे, कशातच ते मिळत नाही. बाहेरून घ्यावंच लागतं.

साधना: ऐक. तिचं तरी ऐक.

अर्पिता: खोका दे बरं ह्या गोळ्यांचा. बघू काय लिहिलंय... आई.

साधना: काय?

अर्पिता: ह्यात लॅक्टोज आहे. हे बघ, बारीक अक्षरात.

साधना: ते भरण असतंय. गोळीला आकार यावा म्हणून घालतेत. औषध न्हाई ते.

केशरबाई: काय हाय म्हणली?

अर्पिता: दुधातली साखर, आजी.

केशरबाई: बघ.

साधना: माय, चिमूटभरबी नसती ती.

केशरबाई: मेडिकलवाली तू, आन् डब्यात ठेवणारी मी. कोण खरं निघालं?

साधना: डोकं फुटायची वेळ आली माझी. तारीख वाचते, डोस वाचते, सगळं वाचते मी. हेच कसं वाचलं न्हाई?

अर्पिता: थांबा दोघी. माझ्या बॅगेत माझी बाटली आहे, तिच्यात दुधाचं काहीच नाही. आतलं औषध जिवाणूंपासून करतात.

केशरबाई: जिवाणू म्हंजे?

अर्पिता: डोळ्यांना न दिसणारे बारीक जीव.

केशरबाई: म्हंजे किडे. दूध चालत न्हाई म्हणून आता किडे चारा मला.

साधना: झालं. मी एक घोळ घातला, तू दुसरा घाल.

अर्पिता: आजी, तू आंबील करतेस ना? ज्वारीचं पीठ भिजवून ठेवतेस, दुसऱ्या दिवशी ते आंबतं. कशानं आंबतं? अशाच बारीक जिवांनी. जन्मभर पितेस की तू.

केशरबाई: मंग आंबीलच पिते. गोळी कशाला?

साधना: आंबिलीत हे नसतंय, माय. आंबिलीतले येगळे, गोळीतले येगळे. हात जोडते मी तुला. उद्या तोल जाऊन पडलीस तर कोण उचलंल? माझ्या कंबरेत रॉड हाय, तुला माहीत हाय.

केशरबाई: तुझी कंबर मला सांगू नको. तुझी गाडी भोकरदनच्या रस्त्याला उलटली, तवा दवाखान्यात बाकड्यावर मीच होते. डॉक्टर म्हणले, चालंल का न्हाई सांगता येत न्हाई. तिथंच बोलले मी. लेक पायावर उभी राहू दे, काशीला येते, दूध सोडते. दुसरं काय होतं मला आवडीचं?

साधना: हे तू कवाच सांगितलं न्हाई. मला वाटलं, सगळ्या सोडतेत म्हणून सोडलं.

केशरबाई: सांगायचं नसतंय ते. आता तूच म्हण. दूध पोटात गेलं आन् तुझ्या पायाला काय झालं तर?

साधना: आन् तुझे पाय गेले तर? मी कशाला उभी राह्यले मंग? तुझे काटे काढायला?

केशरबाई: रडू नको. पोरीसमोर रडती.

अर्पिता: आजी, ही बघ. एवढीशी आहे. जिभेखाली ठेवायची, विरघळते.

केशरबाई: दूध बिलकुल न्हाई?

अर्पिता: बिलकुल नाही.

केशरबाई: वाच. मोठ्यानं वाच, पह्यल्यापासून. तुझ्या आईनं वाचलं न्हाई.

अर्पिता: वाचलं, आजी. दोनदा वाचलं. कुठंच नाही.

केशरबाई: साधना, तू वाच.

साधना: न्हाई, माय. खरंच न्हाई.

केशरबाई: दे.

अर्पिता: चावू नकोस. राहू दे तशीच.

केशरबाई: गोडच हाय की.

साधना: आन् उद्या सुई. तिच्या खोक्यावरचं मी आधी सगळं वाचीन, मंगच टोचू देईन.

केशरबाई: उद्याचं उद्या. आधी तू ऊठ.

साधना: कशाला?

केशरबाई: ओट्यापासून दारापर्यंत चालून दाखव.

साधना: माय, हे काय आता.

केशरबाई: चाल म्हणते ना. जल्दी करू नको, नेहमीसारखी चाल.

साधना: हे बघ. आले दारापर्यंत.

केशरबाई: हं. आता परत ये.