आई दगडाची

…नाही, पण मी म्हणते, चारशे माणसांसमोर तुला आईवरच गाणं म्हणायचं होतं का? दुसरं काही नाही या लंडनमध्ये? घरभाडं आहे, पाऊस आहे, सोडून गेलेली पोरं आहेत, एकेकावर दहा-दहा गाणी होतील! नाही. आईच हवी!

तुम्हाला सांगते, मी ओफोरिवा. इथं पेकहॅममध्ये बावीस वर्षं पालिकेसाठी गाड्यांच्या दंडाच्या पावत्या फाडते. शिव्या म्हणाल तर जगातल्या सगळ्या भाषांमधल्या खाल्ल्यात. एकानं तर माझ्या डोक्यावर अख्खा मिल्कशेक ओतला, स्ट्रॉबेरीचा, आणि मी त्याच ओल्या हातानं त्याच्या गाडीचा नंबर टिपून घेतला. चेहरा हलला नाही. हलवायचाच नाही! एकदा का हलला की समोरचा म्हणतो, हां, बाई पाघळतेय, आणि मग त्याची आजी आजारी पडते, कुत्रं मरतं, बायको बाळंत होते, सगळं त्या दोन पिवळ्या रेषांवर, जिथं गाडी उभी करायला बंदी असते.

तर आमची सेरवा. बापानं हौसेनं स्वतःच्या आजीचं नाव ठेवलेलं. हिनं गायला लागल्यावर काय करावं? त्याच्या इंग्रजी स्पेलिंगमधले सगळे स्वर काढून टाकले. पोस्टरवर नुसती तीन अक्षरं. मी म्हटलं, "अगं, हे वाचायचं कसं?" म्हणाली, "आई, ते वाचायचं नसतं, ओळखायचं असतं." बरं बाई. तुझी आजी घानात बसून ओळखेल.

आणि ही म्हणे वर येतेय. गेली चार वर्षं वरच येतेय! मी विचारते, "पोहोचणार कधी?" तर मान वेळावते. पण या शनिवारी मात्र गंभीर होती. पार्कात मोठा जलसा, हिला तंबूत दुपारी तीनची वेळ, आणि गाण्यांच्या कंपनीची बाई खास हिचं शेवटचं गाणं ऐकायला येणार. मला म्हणाली, "आई, येशील? आलीस तर मागेच उभी राहा." मागेच! मी म्हटलं, येते. दोन तासांची सुट्टी मागितली आणि तशीच गेले, युनिफॉर्ममध्ये. टोपी, बिल्ला, वायरलेस, सगळं अंगावर.

तंबूत शिरले तर माणसं अशी बाजूला झाली, जशी मी तंबूलाच पावती लावायला आलेय! स्टेजवर हिच्या आधीचा गडी. स्वतःचं नाव 'अंडरपास' ठेवलंय. जुलैचं ऊन, आणि त्याच्या तोंडावर लोकरीची माकडटोपी! बारा पोरं सोबत घेऊन आलेला, त्यातली अकरा नुसती येरझाऱ्या घालतायत. आणि हा ओरडतोय, "आवाज कुठाय? पेकहॅम, आवाज कुठाय?" अरे बाबा, एवढं सगळं हादरतंय तो आवाज नाही तर काय आहे? बरं, उतरायचं नाव नाही. दहा मिनिटं आमच्या पोरीची खाऊन गेला.

मग सेरवा आली. एकटी. बाजूला एक कीबोर्डवाला, बस्स. दोन गाणी झाली, लोक डोलले, मीही जरा डोलले, म्हणजे वजन या पायावरून त्या पायावर घेतलं. आणि मग ही म्हणते, "हे शेवटचं. हे घरचं आहे." आणि सुरू केलं…

आई माझी दगडाची, ऊन पडो, वारा सुटो, हलत नाही…

मला वाटलं, असेल कुणाची तरी. तर पुढं म्हणते, "टोपी काढते दारापाशी, चेहरा काढत नाही." आता टोपी घालून घरी येणाऱ्या आया या पोरीला आहेत तरी किती?

आणि लोकांना पाठ! चारशे पोरं हात वर करून, फोन वर करून, "आई माझी दगडाची!" म्हणे महिनाभर सगळ्यांच्या फोनवर वाजतंय. मला कोण सांगणार? माझ्या शेजारी एक मुलगी, कानात सात डूल, ती माझ्याच खांद्यावर डोकं ठेवून हमसून हमसून रडायला लागली. म्हणते, "आंटी, तुमची आई पण अशीच होती का हो?" मी म्हटलं, "हो बाळ." काय सांगू दुसरं? दाताच्या डॉक्टरनं सुई दिल्यावर गाल कसा होतो, आपलाच पण परका? तसं सगळं अंग झालं माझं. चेहरा मात्र हलला नाही.

तेवढ्यात माझ्या पुढ्यातला आवाज सांभाळणारा दाढीवाला, गॅरेथ नाव, छातीवर लिहिलेलं, घड्याळ बघून सोबत्याला म्हणतो, "वेळ संपली हिची. कापतो." आणि हात बटणाकडे! अर्ध्या गाण्यात! अरे, त्या अंडरपासचं कापलं नाहीस ते? कंपनीची बाई तिथं पुढं उभी आहे, पोरीची चार वर्षं त्या बटणावर आहेत, आणि तू कापतोस?

तुम्ही म्हणाल, बरंच झालं असतं की, तुझी बदनामी थांबली असती. माझ्याही डोक्यात आलं. क्षणभर आलं, खोटं कशाला बोलू. पण पाय आधीच पुढे गेलेले. त्याच्या आणि बटणाच्या मध्ये जाऊन उभी राहिले.

"हात काढ," म्हटलं.

"आंटी, तुम्ही… पालिकेकडून का?"

"पालिकेकडूनच. बाहेर दोन पिवळ्या रेषांवर पांढरी व्हॅन उभी आहे. कुणाची?"

दाढीच्या आत माणूस पांढरा पडतो हे मी प्रथमच पाहिलं! "सामान उतरवत होतो हो, दोनच मिनिटं…"

"गाणं संपेपर्यंत मी इथं आहे," म्हटलं, "मी इथं आहे तोवर तिथं नाही. हिशोब कर."

हात खिशात गेला त्याचा. आणि तिकडे नेमकं शेवटचं कडवं: शाळेच्या नाताळच्या नाटकात मी मेंढी झाले, सगळ्यांच्या आया आल्या, एक खुर्ची रिकामी… तंबूभर हुंदके! गॅरेथसुद्धा नाक पुसतोय. आणि ते गाणं कुणी कापू नये म्हणून राखण करत उभी कोण? तर मी! चेहरा? नाही हलला.

नंतर तंबूच्या मागे गेले. केंकी-मासे, म्हणजे आमच्या घानातले आंबवलेल्या मक्याचे उंडे आणि मासे, डब्यात नेलेले, ते सेरवाच्या हातात दिले. कंपनीची बाई सोमवारी भेटायला बोलावतेय म्हणाली. मग माझ्याकडे न बघता, "आई, वाईट वाटलं?"

मी म्हटलं, "नाटकाला मी आले होते."

"काय?"

"दारापाशी उभी होते. युनिफॉर्म होता अंगात. आत सगळ्यांचे बाप बसलेले, निम्म्यांना मी सकाळीच पावत्या लावलेल्या. पुढे येऊन बसले असते तर दुसऱ्या दिवशी वर्गात तुझं काय झालं असतं? तुला एकदाच 'बें' करायचं होतं. तू तीनदा केलंस."

पोरगी मटकन खालीच बसली. डबा मांडीवर. मग डोळे पुसत म्हणते, "आई, मी ते कडवं बदलते. आजच बदलते."

मी तिच्याकडे बघितलं. तंबूच्या बाहेर पोरं घरी निघालेली, गळ्यात गळे घालून, तेच कडवं म्हणत.

म्हटलं, "राहू दे बाई. आता लोकांना पाठ झालंय."