आपोआप बंद होणारा नळ

अरे, स्वयंचलित नियंत्रण शिकवणं म्हणजे डोक्याला ताप! साठ सालच्या आसपास पनवेलच्या आमच्या कॉलेजात एक प्रयोग होता. टाकी भरली की तरंगता गोळा वर यायचा आणि नळ आपोआप बंद व्हायचा. वर्षभर बिनचूक चाललं. नेमके बाहेरचे परीक्षक आले आणि टाकी वाहिली, थेट त्यांच्या बुटांत!

दुसऱ्या दिवशी शिपाई दामूअण्णा उरणहून लग्न आटोपून आले. मी चिडून म्हणालो, "काल नळ बंदच झाला नाही!"

"मी नसल्यावर कोन बंद करनार, सायेब? गोला पयल्याच महिन्यात अडकला. फरशी मलाच पुसायची, म्हनून मागच्या खिडकीतून बघून नलाची बाहेरची चावी मीच फिरवतो."

आणि पोरांच्या प्रत्येक जर्नलात निष्कर्ष काय? 'माणसाची गरज नाही.' खाली माझी सही!