माझंच दार राहिलं

मी मूळची सांगोल्याकडची. जन्मले तेव्हा अशी रडले म्हणे, की शेजारच्या वाडीतली माणसं कोणाचं काय जळलं ते बघायला धावत आली, आणि तोच आवाज घेऊन लग्नानंतर मी घाटकोपरच्या डोंगरावर आले आणि त्याच आवाजावर पंचवीस वर्षं भाकरी खाल्ली. आरोग्य केंद्राची आरोग्यसेविका आहे मी, शकुंतला नाव, पण डोंगरावर सगळे शकूमावशीच म्हणतात. काम काय, तर घरोघर फिरायचं, कोणाकडे बाळ झालं, कोणाची कुठली लस राहिली ते वहीत लिहायचं आणि आयांना केंद्रावर हाकलायचं. अर्धं घाटकोपर माझ्यामुळे रडलेलं आहे. चांगले मिशा फुटलेले बाप्ये मला बघून अजून दंड चोळतात, खोटं वाटत असेल तर चला बाजारात. आणि आमच्या डोंगराच्या पायऱ्या मोजून चारशे. माझा मुलगा म्हणतो, आई, दीडशे आहेत. असतील, पण तो कधी लशींची पेटी खांद्याला लावून चढलाय का?

तर कोरोनाचं सांगते. पहिल्या महिन्यात आम्हाला कपाळावर धरायची एक बंदूक दिली आणि बोटाला लावायचा चिमटा, ताप बघा, ऑक्सिजन बघा. गल्ल्या बांबू लावून बंद. लहान मुलांच्या लसी काही आठवडे थांबल्याच. माझ्या घरी माझी नात ओवी तेव्हा आठ महिन्यांची, नवव्याला तिची गोवरची सुई. सून प्रज्ञा, शांत पोरगी, माझ्या घरात शांत राहण्याशिवाय तिला पर्यायच नाही म्हणा. मी दारातूनच तिला बजावलं, बाई गं, ओवीला घेऊन बाहेर पाऊल टाकायचं नाही, लसीलासुद्धा नाही, बाहेर सगळं खोकतंय, सुई काही पळून जात नाही, मी सांगेन तेव्हा जायचं. हे मी बोलले, लक्षात ठेवा.

आणि मी गेले पोटमाळ्यावर. रोज तापाच्या घरांतून यायची ना मी, आणि खोली आमची दहा बाय दहा, बाळाला काही द्यायला नको. प्रज्ञा ताट शिडीच्या तिसऱ्या पायरीवर ठेवायची आणि मागे सरायची, मी वाकून उचलायची. वर उंची एवढीशी, की तीन महिन्यांत मी दोन इंच कमी झाले, साडी लोळायला लागली माझी जमिनीवर. बोलणं म्हणाल तर भाजी झकास झालीय, पाणी आलं का, बस, एवढंच.

मग लसी परत सुरू झाल्या. केंद्रातल्या नर्सने, आमच्या सिस्टरने, आम्हाला बोलावून सांगितलं, कोरोना आहे तो आहेच, पण गोवर काही लॉकडाऊन पाळत नाही, ज्यांच्या तारखा हुकल्या त्यांना आणा. बालवाडीच्या अंगणात खडूचे गोल काढले, एका वेळी पाचच आया, प्रत्येकीला वेळ ठरवून दिलेली. मी चालू झाले. एक दार सोडलं नाही. माझी हाक ऐकून पार मुलुंडच्या पोरांनीसुद्धा बाह्या वर केल्या असतील.

सगळ्यात अडून बसली ती सावंतांची सून वैशाली, कुडाळची. तिचा तन्मय दहा महिन्यांचा. दार चार बोटं उघडून म्हणते, नको गो मावशी, भायर कोरोना हा, तन्मय माझो झिल, घरातच बरो, सुई काय पळान जाता? काय सांगू तुम्हाला, ते ऐकून मला कुठेतरी टोचलं, पण माझ्या भाषणाला वेग आलेला. म्हटलं, अगं, खालच्या गल्लीतल्या एका पोराला गोवर निघालाय, छाती भरलीय, इस्पितळात आहे. मास्क बांध, दिलेल्या वेळेला ये, अर्धा तास बस, घरी जा, पण हे थांबवू नकोस. ती ऐकत होती, ऐकत होती, मग एकदम म्हणाली, तुमच्या ओवीक दिलास?

दिली की, केव्हाच, मी म्हटलं.

खरं सांगू? तोंडातून निघेपर्यंत मला तसंच वाटत होतं. माझ्या घरातलं राहील कसं? पण पायऱ्या उतरताना मी मधेच थांबले. दिली म्हणजे कोणी दिली, कधी दिली? घरी जाऊन शिडीखालूनच प्रज्ञाला म्हटलं, ओवीचं लसीचं कार्ड दाखव. आमची सिस्टर पुढची तारीख पेन्सिलीने लिहिते आणि सुई दिली की त्यावर पेन फिरवते. नवव्या महिन्याच्या रकान्यात नुसती पेन्सिल, तीही पुसट झालेली. ओवीला बारावा लागला होता.

प्रज्ञा म्हणाली, आई, तुम्हीच म्हणालात ना, मी सांगेन तेव्हा. मी म्हटलं, अगं, सगळ्या डोंगराला ओरडून सांगतेय मी! ती म्हणाली, हो, इथपर्यंत ऐकू येतं, पण ते डोंगराला होतं. मला वाटलं, आईंना केंद्रातलं आतलं काही माहीत असेल, म्हणून आपल्या घरी सांगत नाहीत.

मी हळू आवाजात बरं म्हटलं आणि शिडी चढले. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा.

आधी मनात आलं, उद्या सगळ्या गेल्या की मागच्या गल्लीने ओवीला नेऊ, सिस्टर ओळखीची आहे, कोणाला कळतंय. पण प्रज्ञाचं ते आतलं काही माहीत असेल हे बोलणं डोक्यातून जाईना. घरची सून असं समजते, तर मला चोरून जाताना बघून वैशाली काय समजेल? सकाळी मी पुढे, चार हात मागे ओवीला कडेवर घेतलेली प्रज्ञा, दोघी थेट वैशालीच्या दारात. म्हटलं, काल खोटं बोलले गं. हिची राहिलीय, माझ्यामुळे राहिलीय, आता चाललोय.

वैशालीने सताड दार उघडलं. अगो बाई, म्हणते, सगळ्या डोंगरार बोंब मारणाऱ्या मावशीची नातच रवली? आणि अशी हसली की मास्क नाकावरून घसरला. मी म्हटलं, हस बाई हस, पण तोंड झाक. मग म्हणाली, थांबा, चपला घालतंय.

तन्मय आणि ओवी शेजारशेजारच्या गोलात रडले. सिस्टरने माझ्यासमोर पेन्सिलीवर पेन फिरवलं, माझ्याकडे बघितलं, आणि मी खडूचे गोल मोजत बसले. सुईआधीच गोवर शिवून गेला नसेल ना, म्हणून पुढचे पंधरा दिवस मी माळ्यावरून रोज ओवीचं अंग न्याहाळायची, साधं घामोळं दिसलं तरी जीव जायचा. काही झालं नाही. नशीबच. खालच्या गल्लीतलं पोर वाचलं, पण वर्षभर त्याने अंग धरलं नाही.

आता ओवी शाळेत जाते आणि आवाज माझ्यावर गेलाय तिचा. तिला भाऊ झालाय, तीन महिन्यांचा. केंद्रातून यादी आली की मी पहिलं आमचंच दार वाजवते, बाहेरून, किल्ली हातात असली तरी. प्रज्ञा आतून विचारते, कोण? मी म्हणते, केंद्रातून आलेय, घरात लहान मूल आहे का? ती म्हणते, आहे, आणि कार्ड बाहेर काढते. शेजारणी हसतात. हसू देत, सुखी राहू देत सगळ्यांची पोरं.

तुमच्या घरी आहे का कोणी लहान? मग चहा थांबू दे जरा, आधी फोन लावून कार्ड बघायला सांगा. पेन्सिल आहे का पेन, ते नीट विचारा.