लाटण्याच्या माराबाबत खुलासा

नाव: विचारले असता, "सगळे वहिनी म्हणतात, तेच लिहा," असे सांगितले. वय: ३८ वर्षे. धंदा: चष्म्याच्या दुकानात नोकरी. राहणार: बाजारामागची इमारत, तिसरा मजला, जिन्याला लागून.

मी समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून जबाब देते की, वरील पत्त्यावर मी, माझे पती व सासूबाई असे राहतो. पती शिकवण्या घेतात. आमचे तसे बरे चालले आहे.

आमच्या स्वयंपाकघरातील पत्र्याचा जुना मिक्सर बऱ्याच महिन्यांपासून शॉक देत असे. तक्रार केली असता सासूबाई म्हणाल्या, "झिणझिण्याच येतात ना? तेवढंच रक्त खेळतं राहतं." पतींनी रबरी चपला आणून दिल्या व प्रश्न सुटल्याचे जाहीर केले. मिक्सरला ते स्वतः कधी हात लावत नसल्याने त्यांना शॉकचा अनुभव नाही.

मी फारच पिच्छा पुरवल्यावर पतींनी वायरमनला बोलावले. तो आला तेव्हा मी दुकानात होते. संध्याकाळी सासूबाईंनी निरोप दिला, "तो म्हणाला, ह्या पॉइंटला अर्थ नाही." त्यावर पती म्हणाले, "बघ! मी आधीपासून सांगतोय, ह्यात काही अर्थ नाही." विषय मिटला. वायरमनचे नंतर आलेले फोन पतींनी "चिकट माणूस आहे" असे म्हणून उचलले नाहीत.

आज सकाळी घाईत अनवाणीच मसाला वाटताना माझा ओला हात मिक्सरला लागला आणि तिथेच धरला गेला. तोंडातून शब्द फुटेना. पती पाणी प्यायला आत आले होते. ते एरवी पालीला घाबरतात. पण त्यांनी लाकडी लाटणे उचलून माझ्या मनगटावर जोरात हाणले. हात सुटला व मी खाली पडले.

समोरच्या खिडकीतील शेजारीणबाईंना इमारतीत 'कॅमेरा' म्हणतात. त्यांच्या खिडकीतून आमचा मिक्सर दिसत नाही, लाटणे दिसते. त्यांनी फोन केला व पोलीस पतींना घेऊन गेले. पती ओक्साबोक्शी रडत होते. तो पश्चात्ताप असावा, असे शेजारीणबाईंनी जिन्यात सर्वांना सांगितले.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारले, "घरात अर्थिंग आहे ना? अर्थ म्हणजे करंट जमिनीत नेणारी तिसरी वायर." तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सासूबाईंच्याही पडला असावा, कारण त्यांनी एकदम कपाळाला हात लावला.

पतींविरुद्ध मारहाणीची माझी तक्रार नाही. त्यांनी माझा जीव वाचवला. त्या वेळचा त्यांचा चेहरा मी पाहिला आहे. तो माणूस मला घरी हवा आहे. तरी त्यांना सोडावे. मात्र माझे मनगट बरे होईपर्यंत मिक्सर तेच चालवतील, हे त्यांना आतच कळवावे, अशी मी विनंती केली. हवालदार जाऊन सांगून आले. पतींनी ताबडतोब वायरमनला फोन लावण्याची परवानगी मागितली, असे ते म्हणाले. इतक्या घाईने हा फोन माझ्यासाठी कधी लागला नाही, याचे मला फार वाईट वाटले, तेही लिहावे.

वरील जबाब साहेबांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. शेवटचे वाक्य गाळू का, असे त्यांनी विचारले. गाळू नये. मजकूर मी सांगितल्याप्रमाणे असून खरा आहे.