तीन रेघा

—नाही हो, गळती नाही, वास नाही, फोनवर मी काय सांगितलं होतं? शेगडी मंद होत नाही. एवढीच तक्रार. एक तर भडभडून पेटते नाहीतर फट्कन विझते, मधलं काही म्हणून नाही — हा बघा, हा बर्नर, हात जपून, आत्ताच बंद केलाय. आणि पातेल्यात काय आहे ते बघू नका. बघितलंत? बरं, बघितलं तर बघितलं. अंडी आहेत. वाटीत अंडं आणि सार एकत्र करायचं आणि वाफेवर जमवायचं, वरून कसं काचेसारखं गुळगुळीत दिसायला हवं. आणि माझं बघा. भोकंच भोकं! सकाळपासून तिसरा घाणा. आच मोठी झाली की भोकं पडतात असं कागदावर स्पष्ट लिहिलंय, मी स्वतः वाचलंय, जपानीत वाचलंय — आणि तरी भोकं पडतात म्हणजे दोष कुणाचा? शेगडीचा. म्हणून तुम्हाला बोलावलं.

हो, जपानीच. भिंतीवर चिकटवलेत ते सगळे. हसा, हसा. ‘या वयात कशाला’ म्हणणार ना? शेजारचे वकील पण तेच म्हणतात. छत्तीस वर्षं ड्राफ्ट्समन होतो मी, यंत्रांच्या सुट्या भागांची ड्रॉइंगं काढायचो, केसाएवढा फरक चालायचा नाही. आणि इथं काय लिहिलंय? मीठ — आता हा शब्द शब्दकोशात शोधायला मला अर्धा तास लागला, चष्मा दोनदा पुसला — आणि अर्थ काय निघाला? ‘योग्य तेवढं’! अहो, योग्य केवढं ते माहीत असतं तर कागद कशाला लागला असता? आणि वाट्या! त्यांची साधी वाटी दोनशे मिलीलिटरची आणि तांदळाची एकशे ऐंशीची. एकाच ओट्यावर दोन मापं! पहिल्या महिन्यात माझा भात म्हणजे चिकटवायची खळ झाली होती. आमच्या कारखान्यात असं कुणी केलं असतं तर दुसऱ्या दिवशी घरी बसला असता. — ते बटण ओढून काढावं लागेल, घट्ट बसलंय. ओढा.

कागद मुलीचे. ती तिकडेच असते, आठ वर्षं झाली, जावई तिकडचाच. नात पाच वर्षांची. आता त्या पोरीला आपली भाषा किती यावी? ‘आजोबा’. संपलं! मुलीला म्हटलं, तुला शिकवायला वेळ नाही ना, मग मीच शिकतो, एखादं पुस्तक पाठव. तर म्हणे, बाबा, तुम्हाला स्वयंपाकही येत नाही आणि जपानीही येत नाही, दोन्ही एकदमच शिका. आमची ही गेल्यापासून मी डब्यावर होतो ना, ते तिला सलत होतं. मग दर महिन्याला एक कागद. घरी जे करते तेच, स्वतःच्या हातानं लिहून, पोस्टानं. शिकलो, नाही असं नाही — पण शिकलो काय? सोला, चिरा, फेस काढा, झाकण ठेवून दहा मिनिटं थांबा. रविवारी अकराला फोन येतो, आधी नात घेते, तिची अखंड चिवचिव, आणि मी काय बोलणार? मागच्या रविवारी रडत होती. रडत होती आणि मध्ये मध्ये ‘पापा, पापा’ — तेवढं कळलं मला. आणि मी — आता खरंच हसू नका — मी तिला म्हणालो, ‘पाणी निथळून घ्या’. दुसरं काही येतच नाही हो! काय झालं बाळा, कशाला रडतेस, हे कुठल्या कृतीत लिहिलेलं असतं, सांगा ना मला?

कुठला? तो लाल पेनाचा? तो सोडा. तो — बरं, आता हातात घेतलाच आहे तर बघा. ती झेरॉक्स आहे, मूळ कागद मी पाठवून दिला. वरच्या कोपऱ्यात बघा, किती जणांसाठी ते असतं. त्याला जपानी यायला नको, तीन आडव्या रेघा म्हणजे तीन, दोन रेघा म्हणजे दोन. पहिल्या बावीस कागदांवर तीन. मग हा आला, तेविसावा. हाच अंड्याचा पदार्थ, आधी एकदा पाठवलेला, ही विसरभोळी परत पाठवते — आणि वर दोन रेघा. मी म्हटलं, चुकली. घेतलं लाल पेन, मारली वर तिसरी रेघ, आणि समासात शेरा — ‘निष्काळजीपणा. मूळ प्रतीशी ताडून पाहावे.’ आणि परत पाठवला. तिकीट लावून, पोस्टानं, तिच्या पत्त्यावर!

उत्तर नाही. पुढच्या महिन्याचा कागद आला, दोन रेघा. त्याच्या पुढचा, दोन. मग मी जुना आणि नवा शेजारी ठेवला. अंडी कमी, सार कमी, वाट्याही दोनच. चूक एखाद्या ठिकाणी होते हो, सगळीकडे बरोबर जुळत नाही. ही चूक नाही, हा बदल आहे. आमच्या ड्रॉइंगच्या कोपऱ्यात एक चौकट असायची — काय बदललं, कुणी, कधी, कशासाठी. कारण लिहिल्याशिवाय मी कुणाची सही होऊ दिली नाही कधी. आणि इथं तिनाचे दोन झाले आणि कारणाचा रकाना कोरा.

विचारा म्हणे! सोपं आहे का? ‘मजेत ना?’ — ‘मजेत, बाबा.’ ‘जावई?’ — ‘कामावर.’ रविवारी? दर रविवारी? ... का सांगत नाही म्हणजे — तुम्ही तुमचं काम करा ना, शेगडी उघडायला आलात की मला?

रागावू नका. मीच म्हणालो होतो. विमानतळावर, तिची ट्रॉली ढकलताना. आमची ही बाजूला उभी, गप्प बसा म्हणून माझी बाही ओढत होती, आणि मी म्हणालो, जातेस ना, जा, पण उद्या रडत माझ्या दारात यायचं नाही. म्हणालो आणि घरी येऊन जेवलो. जन्मात माझं एक ऐकलं नाही त्या मुलीनं — ना कॉलेजचं, ना लग्नाचं — आणि हे तेवढं ऐकलं! हेच कसं ऐकलं?

तोंडानं नाही निघत माझ्या. म्हणून मी पण एक कागद लिहिलाय, तो डब्याखाली आहे तो, जपानीत, वीस दिवस लागले. ‘घरी ये’ असं पाककृतीत कुठंच नसतं, शोधलं मी. पण किती जणांसाठी हे असतं. तीन रेघा काढल्यात. तिकडच्या नाहीत, इथल्या. ती, पोर आणि मी. आणि मीठ योग्य तेवढं, माझं काही म्हणणं नाही. पाठवणारच होतो, पण आधी पदार्थ जमायला नको? असली भोकं पडलेलं मुलीपुढं ठेवू? शेगडी सुधारली की जमेल, जमलं की पाठवू, असं करत करत तीन आठवडे —

झालं? एवढ्यात? काय होतं, कचरा? एवढासा? पेटवा बघू. ... अजून कमी करा. अजून. ... वा. वा, अशीच हवी होती.

म्हणजे शेगडीचं काही कारण उरलं नाही आता.

अकरा वाजले? — हो, फोन वाजतोय, ऐकू येतंय मला, बहिरा नाही मी. उचलतो. उचलतोय ना! तुम्ही निघा आता, मुलीशी बोलायचं ते काय तुमच्यादेखत बोलू? निघा, निघा. ज्योत राहू दे तशीच. आणि जाताना दार — नाही, ओढू नका. उघडंच असू दे.