बिनमिठाची जेली

आमचं गाव गुहागरच्या बाजूला, खाडीकाठी. नाव सांगून उपयोग नाही, एसटीच्या कंडक्टरलाही ते दोनदा सांगावं लागायचं. वडील मचव्यांची इंजिनं दुरुस्त करायचे, त्यांच्याजवळ बसून मी पाना धरायला शिकलो, मग रत्नागिरीला आयटीआय केलं आणि तिथेच एका रेडिओच्या दुकानात लागलो. नव्वद सालानंतर मस्कतच्या एका कंपनीला दातांच्या डॉक्टरांच्या खुर्च्या दुरुस्त करायला माणूस पाहिजे होता. एजंटाने विचारलं, डेंटल चेअर येते का, मी म्हटलं, येते. तोवर मी दाताच्या डॉक्टरकडे पेशंट म्हणूनसुद्धा पाय ठेवला नव्हता. पण मोटर ती मोटर, तिला काय ठाऊक वर कोण झोपलंय.

त्याच विमानात अरविंद होता, देवरुखचा. तो सेल्समन म्हणून चाललेला, टाय लावून, तो टाय विमानतळावर माझ्याकडूनच बांधून घेतलेला. मस्कतमधल्या रुवीला आम्ही एका खोलीत राहिलो, एका पातेल्यातलं खाल्लं. तो मला दादा म्हणायचा. पुढे मला फॅमिली व्हिसा मिळाला, अल् घुब्राला कंपनीचा फ्लॅट मिळाला, सुनंदा आली, आमची ऋतुजा तिथेच इंडियन स्कूलला जायला लागली, तेव्हा अरविंद दर शुक्रवारी जेवायला आमच्याकडे. सुनंदाला सख्खा भाऊ नाही, म्हणून ती त्याला राखी बांधायची. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढचं त्याशिवाय कळायचं नाही.

आता ते मशीन. दाताच्या मुळात बारीक नळी असते, तीत नस असते. नस किडली की डॉक्टर ती काढतो आणि नळी साफ करून भरतो. पण नळी किती खोल आहे ते कळणार कसं? अलीकडे थांबलं तर घाण आत राहते, पलीकडे गेलं तर सुई हाडात घुसते आणि पेशंट खुर्चीसकट उठतो. पूर्वी सुई आत ठेवून एक्सरे काढायचे, तो धुवायचा, उजेडाला धरायचा, हं म्हणायचं, पुन्हा काढायचा. मग हे मशीन आलं. ट्रान्झिस्टरएवढा डबा, दोन वायरी, एकीचा आकडा पेशंटच्या ओठाला, दुसरीचा चिमटा सुईला. सुई मुळाच्या टोकाला पोचली की डबा टीं टीं करतो. अंगातल्या ओलाव्यातून बारीकसा करंट फिरतो, बाकी जादू काही नाही.

डॉक्टर लोक बघायला तयार नाहीत. रुस्ताकला एक म्हातारे इजिप्शियन डॉक्टर होते, ते म्हणाले, माझी बोटं तुझ्या डब्याच्या आधीपासून नोकरीत आहेत. मग दाखवायचं कसं, जिवंत माणसावर तर दाखवता येत नाही. तर काढलेला दात जेलीत रोवायचा, ओठाचा आकडा जेलीतच खुपसायचा, म्हणजे जेली झाली हिरडी. ही जेली सुनंदा करायची. चायना ग्रास उकळायचं, त्यात दोन चमचे मीठ, डब्यात ओतायचं, दात उभे करायचे आणि फ्रिजमध्ये. मीठ नाही तर करंट नाही, मशीन मुकं. आमच्या फ्रिजमध्ये एका बाजूला फालुदा, दुसऱ्या बाजूला दाढा. ऋतुजाच्या मैत्रिणीने एकदा चुकून डबा उघडला, ती पुन्हा आमच्याकडे आली नाही. ऋतुजा म्हणाली, बाबा, टीथ अगेन? माझे फ्रेंड्स काय थिंक करतील? पण त्या जेलीवर मी इब्रीपासून सोहारपर्यंत मशीनं विकून दिली. म्हणजे विकली अरविंदने, वाजवून मी दाखवली. तो सेल्स मॅनेजर झाला. मी म्हटलं, झाला तर झाला, आपलाच आहे.

दोन हजार साल उलटल्यावर नवं मॉडेल आलं, तेव्हा अर्बाबने, म्हणजे कंपनीच्या ओमानी मालकाने, मोठ्या हॉटेलात कार्यक्रम ठेवला. काय सांगू तुम्हाला, एवढ्याशा डब्यासाठी स्टेज, फुलांची कमान, हलवा, कहवा, आणि डबा मखमलीखाली झाकलेला, जसा काही कुणाचा पुतळा. अरविंद मला म्हणाला, दादा, ह्या कार्यक्रमानंतर तुला सर्व्हिस इन्चार्ज करतो, अर्बाबशी बोललोय. तेव्हा कंपनी फॅमिली व्हिसे कमी करत होती, टेक्निशियन लोकांचे बंद, इन्चार्ज आणि वरच्यांचे चालू. ऋतुजा नववीत. माझं सगळं त्या एका शब्दावर टांगलेलं, आणि ते त्याला माहीत होतं.

सुनंदाने नेहमीसारखी जेली करायला घेतली तर अरविंद म्हणाला, वहिनी, तुमचा तो डबा पंचतारांकित हॉटेलात शोभेल का? हॉटेलचा शेफ करतोय, जबड्याच्या आकाराची, गुलाबी. सकाळी मी दात अरविंदच्या हातात दिले आणि म्हटलं, मिठाचं सांग हो त्यांना. तो म्हणाला, सांगितलंय रे बाबा, तू एअरपोर्टला जा, मशीनवाल्या कंपनीचा पाहुणा येतोय परदेशातून, त्याला घेऊन ये. मी म्हटलं, एकदा मशीन लावून बघतो. तो म्हणाला, यल्ला दादा, नीघ, फ्लाईट उतरलं पण असेल.

पाहुण्याला घेऊन पोचलो तेव्हा अरविंदचं भाषण चालू होतं, दंतवैद्यकात नवीन युग वगैरे. टाळ्या झाल्या, मखमल ओढली, मला वर बोलावलं. जबडा असा सुंदर झालेला, अगदी गुलाबी, थरथरणारा, आमच्या दाढा त्यात मोत्यासारख्या. मी आकडा खुपसला, चिमटा लावला. मान म्हणून रुस्ताकच्या त्या म्हाताऱ्या डॉक्टरांनाच सुई धरायला दिली. सुई गेली, गेली, मुळाच्या पार पलीकडे निघाली, गुलाबी जेलीत दिसायला लागली, आणि मशीन गप्प. वायर बदलली, बॅटरी बदलली. गप्प. डॉक्टर मागे वळून म्हणाले, मला वाटतं पेशंट वारला. सगळा हॉल हसला.

मी जेलीत बोट घातलं आणि चाखलं. हो, स्टेजवर, दात रोवलेल्या जेलीतलं. गोड. साखर, वर गुलाबाचा इसेन्स. मी अरविंदकडे बघितलं आणि हळूच म्हटलं, गोड आहे रे. त्याचा चेहरा पांढरा पडला. म्हणजे त्याला त्या क्षणी आठवलं की मिठाचं सांगायचं राहिलं. हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय, म्हणून सांगतो. विसरला ह्याचा मला राग नाही, माणूस विसरतो. पण अर्बाबने विचारलं, काय झालं, आणि हा माईकवर इंग्रजीत म्हणाला, सॉरी सर, माझा टेक्निशियन मीठ घालायला विसरला. तेवढं इंग्रजी मलाही येत होतं.

दुसऱ्या दिवशी अर्बाबने बोलावलं. आत जायच्या आधी अरविंद मला मराठीत म्हणाला, दादा, तू बोलू नकोस, मी सांभाळतो, मी राहिलो तर तुला वाचवीन, दोघं गेलो तर कोण वाचवणार. मला पटलं. ज्याच्या मनगटावर घरची राखी, त्याचं पटतंच. आत अर्बाब अरबीत बोलत होता, अरविंद उत्तर देत होता, मध्ये माझ्याकडे हात करून म्हणाला, हुवा गलतान. एवढ्या वर्षांत कुठल्याही दुकानात शिरलं तरी हे ऐकू यायचं, चूक ह्याची. अर्बाब म्हणाला, खलास.

मला कंपनीच्या इब्रीच्या दुकानात टाकलं, बॅचलर खोलीत. फॅमिली व्हिसा गेला, फ्लॅट गेला, सुनंदा आणि ऋतुजाला गावी पाठवावं लागलं. सुनंदाने अरविंदला फोन केला तर त्याची बायको म्हणायची, ते मीटिंगमध्ये आहेत. पण ह्या दोघींना सोडायला एअरपोर्टवर मात्र आला, बॅगा उचलल्या, ऋतुजाला चॉकलेटचा मोठा डबा दिला. पुढे आमच्या फ्लॅटमध्ये नवा सर्व्हिस इन्चार्ज आला, अरविंदचा मेहुणा. त्याने हे आधीच ठरवलेलं असं मी म्हणत नाही. पण मेहुण्याचा व्हिसा काही जेलीसारखा एका रात्रीत घट्ट होत नाही.

ऋतुजा दहावीला चिपळूणच्या शाळेत. मराठीच्या तासाला पोरं तिला हसायची. रजेवर आलो तेव्हा तिने एकदाच विचारलं, बाबा, तुम्ही का नाही बोललात? तिच्या शाळेची शेवटची वर्षं मी फोनवर ऐकली. आता ती पुण्याला नोकरी करते, मी कायमचा गावी आलोय, पंप आणि मिक्सर दुरुस्त करतो.

गेल्या वर्षी तिचं लग्न झालं. अरविंदला मी बोलावलं नव्हतं, कुणाकडून तरी कळलं म्हणून आला, आहेर घेऊन, केस काळे केलेले. जेवणाच्या पंगतीत व्याह्यांच्या मंडळींना रंगवून रंगवून तीच गोष्ट सांगायला लागला. गुलाबी जबडा, म्हातारा डॉक्टर, पेशंट वारला. सगळे पोट धरून हसत होते. आणि शेवटी म्हणाला, आणि आमचे दादा, एवढे हुशार, मीठच घालायला विसरले होते!

मी त्याच्याकडे बघितलं. म्हटलं, आता तरी चेहरा पडेल, नजर चुकवेल. कुठलं काय. तो माझ्याकडे बघून मनापासून हसत होता, उठून गळ्यात पडला, म्हणाला, काय दिवस होते रे दादा. ऋतुजा शालू नेसून पलीकडे उभी होती, ती आत निघून गेली.

पाहुणे पांगल्यावर सुनंदा म्हणाली, अहो, तो खोटं नाही बोलत. त्याला आता खरंच तसंच आठवतंय. तेव्हापासून मला जास्त लागलंय बघा. इतकी वर्षं वाटायचं, निदान त्या स्टेजवरचा दुसरा एक माणूस आहे ज्याला खरं काय ते माहीत आहे. तोही गेला. असो. देव त्याला सुखात ठेवो, मुलाबाळांत ठेवो. फक्त आमच्या पंगतीला बसवू नको म्हणावं.