पुलावर तात्या भेटले

तुम्ही हसाल, पण मोठ्या माणसाला तोंडावर ‘नाही’ म्हणायला मी शिकलो ते भिगवणच्या पुलावर, पळता पळता.

आसपासच्या गावांनी मिळून शर्यत ठेवली होती. पूल ओलांडून पलीकडच्या शाळेपर्यंत पळत पोचेल त्याला पदक. मी आठवीतच शाळा सोडली, त्यामुळं पदक कधी मिळालं नव्हतं. हे तेवढं घ्यायचंच, असं ठरवून निघालो.

अर्ध्या पुलावर आमच्या शेजारचे तात्या मोटरसायकलवर मागून आले.

“का रं पळतोयस? घरी काय झालं?”

“काय न्हाय तात्या, शर्यत हाय.”

“मग बस मागं, लवकर पोचशील.”

“पळतच जायचं असतंय.”

“कोण बघतंय? शाळंच्या अलीकडं उतरवतो.”

मी मान खाली घालून पळत राहिलो. तात्यांची गाडी शेजारून हळूहळू चाललेली.

“माझ्या गाडीवर बसायची लाज वाटती व्हय?”

“न्हाय बसणार, तात्या.”

हे मी इतक्या जोरात बोललो, की पुढचे दोघं वळून बघायला लागले. तात्या गाडीचा वेग वाढवून निघून गेले. वाटलं, आता महिनाभर अबोला.

पदक घेऊन बाहेर आलो, तर तात्या शाळेच्या फाटकात थांबलेले. “आता तरी बसशील?”

बसलो.

“कुठं सोडू?”

“पुलापलीकडं. माझी गाडी तितंच लावलीय.”

अर्ध्या पुलावर तात्यांनी गाडी हळू केली. मग म्हणाले, “परत तितंच यायचं हुतं, तर पळत गेलास कशाला?”

मी खिशातलं पदक त्यांच्या खांद्यावरून पुढं धरलं.

“मग खिशात कशाला ठिवलंस? घाल गळ्यात. तुझी गाडी राहू दे, आधी गावातनं एक चक्कर मारू.”